वॉटसनला काम द्या

प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्यातल्या एका हौशी मराठी नाट्यगटाचा तरुण दिग्दर्शक शेरलॉक होम्सची 'द स्पेकल्ड बँड' ही कथा (सावत्र बाप डॉ. रॉयलट शेजारच्या खोलीतून घंटेच्या दोरीवरून विषारी साप सोडून मुलीचा जीव घेतो, ती) एकांकिका म्हणून बसवतो आहे. त्याने ती १९२० च्या सुमाराच्या बडोदा संस्थानात, बाबाजीपुऱ्यातल्या एका जुन्या वाड्यात आणली आहे. होम्स करणारा नट मिळाला, पण होम्सचा डॉक्टर मित्र वॉटसन याच्यापाशी गाडी अडली. चित्रपट-मालिका बघायला जावं तर प्रत्येकात वॉटसन वेगळा: कुठे बावळट म्हातारा, कुठे फौजी, कुठे चक्क बाई. गटातल्या मुलांचं म्हणणं, आपल्याकडे निम्मा प्रेक्षक गुजराती असतो, त्याला हसायला हवं, तेव्हा वॉटसनला विनोदी करा. दिग्दर्शकाची अडचण अशी, की होम्स उलगडा सांगत असताना या माणसाने रंगमंचावर उभं राहून करायचं काय? आणि शेवटचा प्रश्न, ही भूमिका गटातल्या एका मुलीला हवी आहे, द्यावी का?

मी बडोद्यात नाटकं बसवते, अभिनय शिकवते. रहस्यनाटकं त्यात बरीच झाली. तू मला 'मावशी' म्हणून लिहिलंस, तेव्हा मीही अरे-तुरेच करते.

मुळात वॉटसनचं पुस्तकातलं काम काय ते आधी बघ. होम्सच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या. त्यातल्या दोन कथा होम्स स्वतः सांगतो, दोन तिऱ्हाइताच्या निवेदनात आहेत. बाकी सगळा डोलारा वॉटसनच्या आवाजावर उभा आहे. आपल्याला दिसतं ते त्याला दिसलेलं, आपल्यापासून लपतं ते त्याच्या नजरेतून सुटलेलं. होम्स थोर वाटतो, कारण एक सरळ, शिकलेला, धीट माणूस त्याच्याकडे बघून थक्क होत असतो. आपल्या नाट्यपरंपरेत सांगायचं तर पुस्तकातला वॉटसन सूत्रधार आहे.

आता कॅमेरा आला. प्रेक्षकाला स्वतःचे डोळे मिळाले. खोली, प्रेत, चिखलातला ठसा, सगळं तो थेट बघतो. मग सांगणारा कशाला हवा? वॉटसनची नोकरी गेली ती इथे. होम्सचा पहिला ज्ञात चित्रपट १९०० सालचा, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा, आणि त्यात वॉटसन नाहीच. नाटकातही तेच. होम्सचा लेखक कॉनन डॉइल याने स्वतः 'द क्राउन डायमंड' हे छोटं नाटक लिहिलं, ते १९२१ मध्ये रंगमंचावर आलं. त्याचीच पुढे कथा केली, 'द मॅझरिन स्टोन'. वर सांगितलेल्या तिऱ्हाइताच्या निवेदनातल्या दोन कथांपैकी ती एक. म्हणजे गोष्ट रंगमंचावरून आली तेव्हा खुद्द जन्मदात्यालाही वॉटसनच्या निवेदनाची जागा सापडली नाही.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. वॉटसन पुस्तकाबरहुकूम आहे का, मिशी आहे का, लंगडतो का, हे मी विचारत नाही. निवेदन काढून घेतल्यावर त्याला त्या बदल्यात कोणतं काम दिलं, एवढंच बघते. या एका प्रश्नाने सगळे वॉटसन सोलून निघतात.

तुझ्या मुलांच्या डोक्यात जो विनोदी वॉटसन आहे, त्याचा उगम बहुतेक नायजेल ब्रूसपाशी आहे. १९३९ ते १९४६ या काळात बॅसिल रॅथबोन आणि ब्रूस या जोडीचे चौदा चित्रपट आले. पहिल्या दोनांत ब्रूस बराच आवरलेला आहे. पुढे कंपनी बदलली, गोष्टी महायुद्धाच्या काळात आणल्या गेल्या आणि वॉटसन पुटपुटणारा, धडपडणारा, समोरचं न दिसणारा म्हातारबाबा झाला. खरं तर ब्रूस रॅथबोनपेक्षा वयाने लहान होता आणि पहिल्या महायुद्धात पायाला जबर जखमी होऊन परतलेला होता. खरा जखमी सैनिक वॉटसनच्या भूमिकेत होता, आणि त्याच्याकडून करून घेतली ती बावळटगिरी. मला याचं फार वाईट वाटतं. तरी त्याला नावं ठेवणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. त्याच्या आधीच्या बऱ्याच चित्रपटांत वॉटसन दारात टोपी घेऊन उभा राहण्यापुरताच असे. ब्रूसने त्याला इतकी माया मिळवून दिली की त्यानंतर वॉटसनशिवाय होम्स कुणाला चालेना. त्याला दिलेलं काम होतं हशा, आणि ते त्याने चोख केलं.

नुकसान झालं ते होम्सचं. ज्याला समोरचा हत्ती दिसत नाही, तो 'वा!' म्हणाला तर त्या 'वा'ला किंमत काय? मूर्खाला चकित करायला होम्स लागत नाही. शिवाय असा हुशार माणूस या बावळटाला बरोबर का ठेवतो, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येतो आणि त्याचं एकच उत्तर निघतं: त्याला स्वतःची बढाई मारायला कोणीतरी हवं आहे. होम्स लहान होतो. सूत्रधाराचा विदूषक केला की नायकही खाली येतो.

आणि आपला जुना विदूषकसुद्धा इतका स्वस्त नव्हता, हेही जाता जाता सांगते. 'शाकुंतला'त दुष्यंत दुसऱ्या अंकात विदूषकाला राजधानीला परत धाडतो आणि शकुंतलेचं सगळं थट्टेवारी होतं असं त्याला पटवतो. त्यामुळे पुढे राजाची स्मृती गेली तेव्हा दरबारात खरं सांगायला जवळचा साक्षीदार उरत नाही. कालिदासाला पक्कं ठाऊक होतं की मित्र हा साक्षीदार असतो, आणि साक्षीदार हलवला की नाटक हलतं.

१९५९ चा ब्रिटिश चित्रपट 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' मिळाला तर बघ. पीटर कुशिंग होम्स आणि आंद्रे मोरेल वॉटसन. मोरेलने ठरवून भारदस्त, शहाणा वॉटसन केला. त्याची मूळ कादंबरी वॉटसनची परीक्षाच आहे, कारण होम्स त्याला एकट्याला डार्टमूरच्या माळावर पाठवतो आणि मधला मोठा भाग तोच तपास करतो, पत्रं लिहितो, टिपणं ठेवतो. ज्याने ब्रूसछाप वॉटसन घेतला त्याला ही गोष्ट मधेच कोसळू द्यावी लागते. मोरेलमुळे ती उभी राहते.

मला मनापासून आवडतो तो रशियन वॉटसन. लेनिनग्राडच्या लेनफिल्म स्टुडिओने १९७९ ते १९८६ या काळात इगोर मास्लेनिकोव्हच्या दिग्दर्शनाखाली होम्सची दूरचित्रवाणी चित्रपटमालिका केली. वासिली लिवानोव्ह होम्स, विताली सोलोमिन वॉटसन. तुझ्या कामाची गोष्ट अशी, की पहिल्याच भागात दोघांची ओळख आणि 'स्पेकल्ड बँड' हे दोन्ही आहे. सोलोमिनचा वॉटसन तरुण आहे, ताठ आहे, फौजी शिस्तीचा आहे. आणि तो होम्सवर संशय घेतो! घरात विचित्र माणसं येतात-जातात, हा गृहस्थ विषं ओळखतो, गुन्ह्यांचा इतिहास तोंडपाठ, साधं सामान्यज्ञान मात्र शून्य. वॉटसनचा निष्कर्ष असा की हा गुन्हेगारांचा म्होरक्या असणार. निष्कर्ष चुकीचा आहे, पण तर्क पक्का आहे. म्हणजे पटकथाकारांनी वॉटसनला स्वतःचा तपास दिला, आणि तपासाचा विषय खुद्द होम्स! पुस्तकात पहिल्या कादंबरीत वॉटसन होम्सच्या ज्ञानाची यादी करतो, त्या यादीतूनच त्यांनी हे फुलवलं. हसू येतं, भरपूर येतं, पण ते वॉटसनच्या बुद्धीतून येतं. २००७ मध्ये मॉस्कोत ब्रिटिश दूतावासाजवळ या दोघांचा पुतळा बसला, त्यात चेहरे लिवानोव्ह आणि सोलोमिनचे आहेत, आणि वॉटसन होम्सच्या बरोबरीने आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न, नुसतं उभं राहून करायचं काय. त्याचं उत्तर ग्रनाडा कंपनीच्या मालिकेत आहे. १९८४ ते १९९४. होम्स जेरेमी ब्रेट. वॉटसन दोन: पहिल्या तेरा भागांत डेव्हिड बर्क, १९८६ पासून एडवर्ड हार्डविक. ब्रेटने त्याच्या आधी, १९८० मध्ये, लॉस एंजेलिसच्या रंगमंचावर चार्ल्टन हेस्टनच्या होम्ससमोर स्वतः वॉटसन केला होता. होम्सचा आजवरचा सगळ्यात अस्वस्थ, टोकदार नट आधी वॉटसनच्या खुर्चीत बसून आलेला आहे, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. समोरच्या नटाला जागा कशी द्यायची हे त्याच्या अंगात दिसतं.

बर्क उत्साही आहे. त्याच्या डोळ्यांत सतत 'पुढे काय' असतं. हार्डविक शांत आहे, थोडा थकलेला, मित्राची तब्येत आणि व्यसन दोन्ही बघून असलेला. त्यांना निवेदनाच्या बदल्यात मिळालेलं काम म्हणजे ऐकणं. आपल्याकडे नवीन नट ऐकणं म्हणजे आपलं वाक्य येईपर्यंत थांबणं समजतात. हार्डविकचा कुठलाही भाग आवाज बंद करून बघ. होम्स बोलत असताना तो चार गोष्टी करत असतो: अशिलाकडे बघतो, ती घाबरली तर पुढे होतो, होम्स उगाच कठोर झाला की त्याची नजर बदलते, आणि एखादी गोष्ट पटली नाही तर ती तशीच चेहऱ्यावर ठेवून देतो. होम्सला गुन्ह्यात रस, हार्डविकला माणसात. तो नसता तर ब्रेटचा होम्स सहन झाला नसता.

मूळ कथांत या मैत्रीची दोन जबरदस्त ठिकाणं आहेत. 'द डेव्हिल्स फूट'मध्ये होम्स एका विषारी धुराचा प्रयोग स्वतःवर आणि वॉटसनवर करतो, आणि दोघंही भ्रमिष्ट व्हायच्या बेतात असताना वॉटसन भानावर येऊन होम्सला ओढत बाहेर काढतो. 'द थ्री गॅरिडेब्स'मध्ये वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते आणि होम्सचा चेहरा पहिल्यांदा फुटतो. वॉटसन लिहितो की ते बघायला मिळालं म्हणून ती जखम, अशा अनेक जखमा सोसण्यासारखी होती. तुझ्या वॉटसनला या दोन कथा वाचायला लाव. एकांकिकेत यातलं काही नाही, तरी नटाच्या पोटात ते असलं पाहिजे.

अलीकडच्यांबद्दल थोडक्यात. २००९ आणि २०११ च्या गाय रिचीच्या चित्रपटांत ज्युड लॉ जुगारी, लढवय्या, वैतागणारा आहे. रेसवर पैसे लावायची सवय मूळ कथांतही आहे, पण लढाया इतक्या आहेत की ऐकायला वेळच मिळत नाही. बीबीसीच्या 'शेरलॉक'मध्ये (२०१० ते २०१७) मार्टिन फ्रीमनला दिलेलं काम मोलाचं: त्याला गरज दिली. अफगाणिस्तानातून परतलेला, काठी टेकत चालणारा, आयुष्याला चव न उरलेला माणूस. पाठलागाच्या धुंदीत काठी विसरतो आणि लंगडणं जातं. इथे लेखकांनी एक जुनी गाठही सोडवली. डॉइलने पहिल्या कादंबरीत गोळी खांद्याला लावली आणि दुसरीत पायाला. मालिकेत खरी जखम खांद्याची आणि लंगडणं मनाचं, असं करून दोन्ही राखलं. पहिल्या भागाच्या शेवटी होम्सचा जीव वाचतो तो वॉटसनच्या नेमक्या गोळीमुळे. पुढच्या हंगामांत मात्र फ्रीमनच्या वाट्याला अपमान गिळणं आणि चिडणं फार आलं, ते मला आवडलं नाही.

मूळ वॉटसनही अफगाण युद्धातला, १८८० च्या मैवंदच्या लढाईतला. आणि त्या युद्धाला जाताना तो उतरला कुठे, तर मुंबईत. आपल्या बंदरात त्याला कळलं की त्याची पलटण खिंडी ओलांडून पुढे गेली आहे. जखमी होऊन पेशावरच्या इस्पितळात पडला, बरा होतो न होतो तोच विषमज्वराने धरलं. वॉटसन लंडनला होम्सबरोबर बेकर स्ट्रीटच्या खोल्यांत राहायला येतो तेव्हा वयाने तिशीच्या आतबाहेर, मोडलेला आणि पैशाने तंग आहे. म्हातारा वॉटसन डोक्यातून काढून टाक.

आपल्याकडच्या जोड्यांकडेही बघ, कारण तुझा प्रेक्षक त्या घेऊन थिएटरात येणार आहे. जुन्या पिढीत बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले धनंजय आणि छोटू एका दमात उच्चारले जायचे. १९८५ च्या 'करमचंद' या मालिकेतली किटी आणि 'शट अप किटी' घराघरांत होतं. गाजर खाणारा गुप्तहेर आणि बावळट प्रश्न विचारणारी मदतनीस, म्हणजे ब्रूसचीच वाट. सुश्मिता मुखर्जी लाघवी होती म्हणून ते गोड लागलं. पण तुझ्या गटाला हेच हवं असेल तर त्यांना सांग, ते विनोदी मालिकेत शोभतं, सापाच्या खोलीत नाही.

तुला अनुसरायचाच असेल तर अजित घे. शरदिंदु बंद्योपाध्यायांचा बंगाली सत्यान्वेषी ब्योमकेश आणि त्याचा लेखक मित्र अजित. बासू चटर्जींनी १९९३ मध्ये दूरदर्शनवर आणलेल्या मालिकेत रजित कपूर आणि के. के. रैना. (ब्योमकेशची बायको सत्यवती म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी.) रैनांचा अजित प्रश्न विचारतो तेव्हा ते प्रश्न प्रेक्षकाचे असतात आणि शहाण्या माणसाचे असतात. ब्योमकेश त्याला चिडवतो, तोही परत चिडवतो, पुढे तिघं एकाच घरात राहतात. घरातलं माणूस, असा वॉटसन भारतीय प्रेक्षकाला लगेच पटतो. २०१५ च्या दिबाकर बॅनर्जींच्या चित्रपटात अजितला वेगळं काम दिलं: त्याचे वडील बेपत्ता आहेत, म्हणजे तोच अशील. तिथे अजित सुरुवातीला ब्योमकेशवर रागावलेला आहे, आणि त्या रागाने दृश्यं पेटतात.

सत्यजित राय यांनी तर हशाचा प्रश्न कायमचा सोडवून ठेवला आहे. त्यांच्या गुप्तहेर फेलूदाच्या गोष्टींत निवेदन त्याच्या चुलतभावाकडे, तोपशेकडे, आणि विनोद त्यांचे लेखक मित्र लालमोहनबाबू यांच्याकडे, दोन वेगळी माणसं. 'सोनार केल्ला' (१९७४) मध्ये संतोष दत्तांनी लालमोहनबाबू अजरामर केले, आणि तोपशेच्या इभ्रतीला धक्का लागला नाही. तुला हशा हवा ना? मग तुझ्या वाड्यात एक तिसरं पात्र आण. भाडेकरू, कारकून, गुजराती शेठजी, कुणीही. त्याच्या तोंडी गुजराती घाल. गांधी नगरगृहात शेवटच्या रांगेपर्यंत हशा जाईल. आपला गुजराती प्रेक्षक विनोद जितका मनापासून घेतो तितकंच रहस्यही घेतो, त्याला कमी लेखू नकोस. आणि मूळ कथेत फुकट मिळालेला एक हशा आहेच: डॉ. रॉयलट संतापून लोखंडी सळई वाकवून जातो आणि होम्स ती सहज सरळ करतो. त्या क्षणी प्रेक्षक वॉटसनकडे बघेल. त्याने काही बोलू नये.

आता तुझ्या संहितेकडे येते. घंटेच्या दोरीऐवजी तू पंख्याची दोरी घेतलीस, भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या खोलीत जाणारी. हे फार सुरेख जमलं आहे, आपल्या वाड्यांत ते खरं वाटतं. मात्र तुझ्या डॉ. वाटव्यांना, म्हणजे तुझ्या वॉटसनला, तू अजून कामच दिलेलं नाहीस. पहिल्या प्रवेशात त्यांची आठ वाक्यं आहेत आणि आठही 'म्हणजे?' आणि 'पण कसं?' या जातीची.

दोन गोष्टी होम्सकडून काढून त्यांना दे. मूळ कथेत मुलीच्या मनगटावरचे बोटांचे वळ होम्स बाही सरकवून दाखवतो. तुझ्याकडे खोलीत डॉक्टर बसला आहे! ते वळ डॉक्टरला आधी दिसले पाहिजेत. तो उठतो, हात बघतो, विचारतो, 'कधी झालं हे?' आणि त्यावरून होम्स सावत्र बापापर्यंत पोचतो. दुसरं, तिच्या बहिणीचा मृत्यू. तपासणीत विषाचा मागमूस सापडला नव्हता. मग विषच नव्हतं की शोधणाऱ्यांना ते ओळखता आलं नाही, हा प्रश्न डॉक्टरने विचारायचा. उत्तर त्याला येत नाही, पण बरोबर प्रश्न त्याचा आहे. याने होम्स खुजा होत नाही. मूळ कथेत वॉटसन म्हणतो की तुला त्या खोल्यांत माझ्यापेक्षा जास्त दिसलं असणार, तर होम्स सांगतो, नाही, मला दिसलं ते सगळं तुलाही दिसलं, मी फक्त निष्कर्ष जरा पुढे नेला. हा संवाद तू गाळला आहेस, तो परत घे. वॉटसनची भूमिका कशी करायची ते डॉइलनेच त्यात लिहून ठेवलं आहे.

मग अंधाराची रात्र. इथे रंगमंच चित्रपटावर मात करू शकतो. कथेत दोघं दिवा विझवून बसतात. होम्सच्या हाताशी छडी, काडेपेटी, मेणबत्तीचा तुकडा. वॉटसनच्या हाताशी पिस्तूल. तासन्‌तास. घड्याळाचे टोल पडत राहतात. शेवटी होम्स काडी ओढतो आणि दोरीवर छडीचे फटके मारत सुटतो. आणि वॉटसन सांगतो की एकदम आलेल्या उजेडाने डोळे दिपले, होम्स कशावर तुटून पडला ते मला दिसलंच नाही! कथेतला सगळ्यात थरारक क्षण आपल्याला दिसत नाही, कारण त्याला दिसत नाही. पडद्यावरच्या माणसाला इथे साप दाखवायचा मोह होतो. आणि साप दिसला की भीती निम्मी होते, त्यात आपल्या प्रेक्षकाला साप दूध पीत नाही हे ठाऊक, दोरीवरून शिट्टी ऐकून दुधासाठी परत फिरणारा साप पाहून तो हसेल. तू रबरी साप आणू नकोस. एका काडीचा उजेड वॉटसनच्या तोंडावर पडू दे, होम्स पाठमोरा राहू दे. प्रेक्षक सगळं त्या तोंडावर वाचेल. निवेदन म्हणून जे गेलं होतं ते असं चेहऱ्यावर परत येतं. यासाठी नट असा हवा की ज्याला अंधारात स्वस्थ बसता येतं. निवडीच्या वेळी वाक्यं म्हणवून घेऊ नकोस. दुसऱ्या कुणाला पानभर वाचायला दे आणि वॉटसनच्या उमेदवाराला नुसतं ऐकायला बसव.

ती मुलगी. तिचा विचार कर, माझी हरकत नाही. 'एलिमेंटरी' या अमेरिकी मालिकेने २०१२ ते २०१९ असे सात हंगाम लूसी लूची जोन वॉटसन चालवली. रुग्ण दगावल्यावर शस्त्रक्रिया सोडलेली सर्जन, होम्सला व्यसनापासून दूर ठेवायला नेमलेली, पुढे त्याच्याकडून शिकून स्वतःची तपासनीस झालेली. तिला दिलेलं काम शिकण्याचं होतं, आणि सगळ्या वॉटसनांत ती सर्वांत लांब प्रवास करते. दोघांचं प्रेमप्रकरण त्यांनी अखेरपर्यंत होऊ दिलं नाही, हे त्यांचं शहाणपण तूही पाळ.

फक्त १९२० च्या बडोद्यात ती डॉक्टर कशी, हे ठाशीव हवं. ते अवघड नाही. डॉ. रखमाबाई लंडनहून शिकून येऊन सुरतेत आणि मग राजकोटला काम करत होत्या. गुजरातेत मराठी डॉक्टरीण ही त्या काळी घडलेली गोष्ट आहे. पुरुष डॉक्टर ठेवलास तर त्याला मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, परत आण. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी तिथे लढल्या, १९१६ मध्ये कूटला शरण जावं लागलं, त्या वेढ्यातून वाचलेला डॉक्टर हा मैवंदच्या वॉटसनचा सख्खा भाऊ शोभेल. डॉक्टरीण असेल तर तिचं युद्ध १९१८ चा इन्फ्लुएंझा. माणसं हातात मेलेली, औषध नाही, आणि दोन वर्षांनी ती मनगटावरचे वळ बघते. तेव्हा तिचा हात थरथरतो की स्थिर राहतो, हे तिने ठरवून तालमीला यायचं. ते ठरवता आलं तर भूमिका तिचीच. आणि मग मुलीचा हात धरण्याचं ते दृश्य वाड्याच्या माजघरात घे, जिथे त्या काळी परका पुरुष गेलाच नसता. होम्सला ओसरीवर थांबू दे.